सोयाबीनचा भावांतर, गव्हाचा हमीभाव: इंदूर जिल्ह्यात नव्याने शेती सांभाळणाऱ्यांसाठी

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरातल्या बऱ्याच मराठी घरांची सांवेर, देपालपूर, हातोद, महू या पट्ट्यात वडिलोपार्जित जमीन असते. ती बहुधा बटाईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलेली असते. जुनी पिढी असेपर्यंत हिशेब तिच्याच डोक्यात असतो. मग जमीन मुलांकडे येते आणि कळतं की सोयाबीनचा भावांतर नावाचं काहीतरी मिळतं, शेजारच्या शेतकऱ्याला मिळालं, आपल्याला नाही.

मिळालं नाही याचं कारण बहुतेक वेळा मंडीत घडलेलं नसतं. ते चार महिने आधी खसऱ्यात, आधार कार्डावर किंवा बँकेत होऊन गेलेलं असतं. या लेखातला निम्मा भाग म्हणूनच कागदांवर आहे. ज्यांना तो कंटाळवाणा वाटेल त्यांनी तोच आधी वाचावा.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना विचारून इथलं काम होत नाही. तिकडचा सातबारा इथे खसरा आणि बी-1, तलाठी म्हणजे पटवारी, फेरफार म्हणजे नामांतरण, पीक पाहणी म्हणजे गिरदावरी आणि बाजार समिती म्हणजे मंडी. फॉर्मवर हेच शब्द असतात, तेव्हा पुढे तेच वापरले आहेत.

नेमके पैसे कशाचे

भावाशी जोडलेली सरकारी मदत इथे दोन प्रकारे येते. गव्हाला सरकार स्वतः गिऱ्हाईक होतं: समर्थन मूल्यावर, म्हणजे हमीभावावर, केंद्रात माल घेतं आणि राज्य वर बोनस देतं. सोयाबीनच्या भावांतरात सरकार दाणाही विकत घेत नाही. माल तुम्ही मंडीत व्यापाऱ्यालाच विकायचा आणि हमीभावापेक्षा जो भाव कमी पडला त्याचा फरक सरकार खात्यात टाकतं.

मध्य प्रदेशात ही योजना पहिल्यांदा 16 ऑक्टोबर 2017 ला सुरू झाली, सोयाबीन, मका, उडीद, मूग, तूर, भुईमूग, तीळ आणि रामतीळ अशा आठ पिकांसाठी. त्या वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सोयाबीनचा हमीभाव 3,050 रुपये आणि सरकारने काढलेला मॉडेल भाव 2,580 होता, त्यामुळे क्विंटलमागे 470 रुपये मिळाले. योजना सुरू होताच मंड्यांमधले भाव उतरले, अशी तक्रार त्याच वर्षी झाली, आणि ती पटण्यासारखी आहे. फरक सरकार भरणार हे बोली लावणाऱ्यालाही ठाऊक असतं.

2025 च्या खरिपात योजना फक्त सोयाबीनसाठी परत आली. हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. नोंदणी 3 ते 17 ऑक्टोबर, विक्रीची मुदत 24 ऑक्टोबर ते 15 जानेवारी 2026. पहिला मॉडेल भाव 7 नोव्हेंबरला जाहीर झाला, 4,020 रुपये, आणि 13 नोव्हेंबरला देवासच्या कार्यक्रमातून सुमारे 1.33 लाख शेतकऱ्यांना 233 कोटींचा पहिला हप्ता गेला. तारखा दर वर्षी नव्याने जाहीर होतात, पण नोंदणीला दोन आठवडे आणि त्यातही दसरा-दिवाळीची धामधूम, हा नमुना लक्षात ठेवा.

फरक कसा मोजतात, आणि गैरसमज कुठे होतो

नव्या माणसाला वाटतं, मला 3,600 भाव मिळाला, हमीभाव 5,328, म्हणजे सरकार 1,728 देणार. तसं नाही. मध्ये मॉडेल भाव उभा आहे. मंड्यांतल्या मागच्या चौदा दिवसांच्या विक्रीची भारित सरासरी काढून तो ठरतो. नियम असे:

तुमचा भाव हमीभावाइतका किंवा जास्त असेल तर काही नाही. हमीभावापेक्षा कमी पण मॉडेल भावाच्या वर असेल तर हमीभाव वजा तुमचा भाव. मॉडेल भावाच्याही खाली असेल तर हमीभाव वजा मॉडेल भाव, आणि खालचा खड्डा तुमचा तुम्ही भरायचा.

4,020 मॉडेल भाव धरून बघा. 4,400 ने विकलं तर भावांतर 928, एकूण 5,328. 4,020 ने विकलं तर 1,308, एकूण तेच 5,328. आणि 3,600 ने विकलं तर भावांतर 1,308 च, एकूण 4,908. क्विंटलमागे 420 रुपये गेले.

यातून दोन गोष्टी निघतात. पात्र मालासाठी भाव वाढायची वाट बघण्यात फायदा नाही, कारण 4,100 आणि 4,600 दोन्हीकडे हातात शेवटी 5,328 च येतात. दुसरी म्हणजे मॉडेल भावाच्या खाली जाणं परवडत नाही. तेव्हा चढ्या भावाच्या मागे लागण्यापेक्षा आपला ढेर मॉडेल भावाच्या खाली जाऊ नये एवढी तयारी करावी. ती तयारी म्हणजे माल वाळवणं आणि चाळणं. त्याचा हिशेब पुढे दिला आहे.

पात्र माल किती, हेही ठरलेलं असतं: नोंदलेलं क्षेत्र गुणिले जिल्ह्याची सरासरी उत्पादकता. समजा ती हेक्टरी 10 क्विंटल धरली आणि तुमचं सोयाबीन 3 हेक्टरवर आहे, तर 30 क्विंटलपर्यंत भावांतर. शेतात 38 झालं असेल तर वरच्या 8 क्विंटलना फक्त बाजारभाव. हे 8 क्विंटल वेगळे ठेवावेत. मुदतीच्या गर्दीत ते विकायची काही गरज नसते, जागा असेल तर पुढे भाव बघून काढावेत. उलट, पात्र 30 क्विंटल मुदत संपेपर्यंत घरात ठेवणं म्हणजे भावांतरावर पाणी सोडणं.

खसरा आणि आधार: इथेच बहुतेक अडतं

एमपी भूलेखच्या संकेतस्थळावरून आपल्या गावाचा खसरा आणि बी-1 काढा. हे काम जूनमध्ये, पेरणीच्या आधी करायचं. बी-1 वर खातेदारांची नावं आणि प्रत्येकाचा हिस्सा असतो, खसऱ्यात सर्वे नंबर, क्षेत्र आणि पीक. हातात आधार कार्ड घेऊन दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा.

पहिला प्रश्न: खातेदार हयात आहे का? नोंदणी आधारवर चालते, मयत माणसाच्या नावाने ती होत नाही. आजोबांचं नाव अजून खात्यावर असेल तर फौती (मृत्यूनंतरच्या) नामांतरणाचा अर्ज तहसीलमध्ये द्यावा लागतो: मृत्यू प्रमाणपत्र, वारसांची यादी, सगळ्यांची आधार आणि समग्र आयडी (मध्य प्रदेशात कुटुंबाला आणि त्यातल्या प्रत्येकाला मिळणारा सरकारी क्रमांक). वाद नसला तरी महिना धरून चाला. एक भाऊ पुण्यात आणि बहीण नागपुरात असेल तर त्यांच्या सह्या, संमती यात दोन महिने सहज जातात. ऑक्टोबरात जाग येऊन उपयोग नाही.

दुसरा प्रश्न नावाचा, आणि तो मराठी घरांना जरा जास्तच छळतो. इथल्या खसऱ्यात नाव ‘सुधाकर पिता विनायकराव, निवासी इंदौर’ असं लिहिलेलं असतं, आडनाव कित्येकदा नसतंच. आधारवर मात्र ‘सुधाकर विनायक’ आणि पुढे आडनाव. ‘राव’ एकीकडे आहे, एकीकडे नाही. बायकांच्या बाबतीत तर खसऱ्यात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि कुठे नावापुढे ‘बाई’ चिकटलेलं. नावात फरक दिसला की नोंदणी तहसीलदाराकडे तपासणीला जाते. तपासणीत ती पास होऊ शकते, पण तुम्ही जाऊन दाखवलंत तर. नुसती वाट बघितली तर मुदत संपेपर्यंत पडून राहते. खसरा आधारला जोडण्याचं काम आणि फार्मर रजिस्ट्री (शेतकऱ्याची आधारशी जोडलेली सरकारी नोंद) उन्हाळ्यातच करून टाकली की हे बरंच टळतं.

तिसरा प्रश्न हिश्श्याचा. सामाईक खात्यात तीन भावांचे समान हिस्से आणि नोंदणी एकानेच केली, तर मिळणार त्याच्या हिश्श्यापुरतंच. वरच्या उदाहरणात 30 ऐवजी 10 क्विंटल. ‘मोठा भाऊच सगळं बघतो’ हे घरात चालतं, पोर्टलवर चालत नाही. तिघांनी नोंदणी करायची, तिघांचा माल मंडीत ज्याच्या त्याच्या नावाने जायचा.

मोजमापाचं एक टिपण: घरात बोलताना आपण बिघे बोलतो, फॉर्म हेक्टर मागतो. माळव्यातला बिघा साधारण 0.253 हेक्टर, म्हणजे 12 बिघे झाले 3.036 हेक्टर. ‘चार बिघ्यांचा हेक्टर’ हा तोंडी हिशेब ठीक आहे, पण फॉर्मवर खसऱ्यातला दशांशातला आकडाच उतरवा.

बटाईने दिली असेल तर

एका सर्वे नंबरवर एकाच पिकाची नोंदणी मालक आणि बटाईदार दोघांनाही करता येत नाही. कोण करणार हे पेरणीआधी ठरवा आणि लिहून ठेवा. त्यासाठी 2016 चा भूमिस्वामी आणि बटाईदारांच्या हिताच्या संरक्षणाचा कायदा आहे. करार साध्या कागदावर, तीन प्रतींत होतो, एक प्रत तहसीलदाराकडे जाते. ‘लिहून दिलं की जमीन गेली’ ही भीती जुनी आहे. या कायद्यात करारामुळे बटाईदाराला मालकी मिळत नाही. उलट, कागद नसला की भावांतरही कोणालाच धड मिळत नाही.

करारात पिकाच्या वाटणीइतकंच भावांतराच्या वाटणीबद्दल एक वाक्य हवं. माल निम्मा-निम्मा आणि सरकारचा फरक मात्र ज्याच्या खात्यात आला त्याचा, अशाने वर्षानुवर्षांचे संबंध बिघडतात. बटाईदाराची, म्हणजे फॉर्मच्या भाषेत सिकमीची, नोंदणी सहकारी समितीच्या केंद्रावरच होते, घरबसल्या मोबाइलवर नाही.

गिरदावरी: सोयाबीनच्या शेतात मका दिसतो तेव्हा

तुमच्या शेतात कोणतं पीक आहे हे सरकारला गिरदावरीतून कळतं. आता ती मोबाइल ॲपवर होते आणि त्यासाठी गावातले नेमलेले तरुण सर्व्हेअर फिरतात. गडबड कुठे होते? शेजारच्या सर्वे नंबरशी अदलाबदल होते. अर्ध्या शेतात सोयाबीन, अर्ध्यात मका असेल तर सगळीकडे एकच लिहिलं जातं. विहीर, बांध, गोठ्याची पडीक जागा पिकाच्या क्षेत्रात धरली जाते किंवा उलट गाळली जाते.

ऑगस्टच्या शेवटी एमपी किसान ॲपवर आपला खसरा उघडून पीक आणि क्षेत्र तपासा. चूक असेल तर तिथेच हरकत नोंदवता येते. सोबत पटवाऱ्याला फोन करून, जमलं तर त्याच्याबरोबर शेताच्या बांधावर उभं राहून दुरुस्ती करून घ्या. पीक उभं आहे तोवर हे सोपं असतं. सप्टेंबरात शेत रिकामं झालं की तिथे सोयाबीनच होतं हे सिद्ध कशाने करणार? म्हणून ऑगस्टमध्येच, मागे ओळखीची खूण (विहीर, खांब, झाड) येईल असा उभ्या पिकाचा फोटो काढून ठेवावा. तो पुरावा म्हणून कायम चालतोच असं नाही, पण तपासणीला आलेल्या माणसाशी बोलायला आधार होतो.

बँक खातं

पैसे खाते क्रमांकावर येत नाहीत, आधारवर येतात. म्हणजे तुमचा आधार डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) ज्या एका बँकेशी जोडलेला आहे तिथे. बँकेत केवायसीला आधार दिला म्हणजे खातं डीबीटीला जोडलं गेलं असं होत नाही. ती वेगळी जोडणी आहे, आणि ती एका वेळी एकाच बँकेशी राहते, शेवटी जिथे केली तिथे. मोबाइलचं सिम घेताना कोणी पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असेल तर आधार तिथे सरकलेला असू शकतो. गव्हाच्या खरेदीत तर पेमेंट बँकेची, संयुक्त आणि बंद पडलेली खाती मान्यच नसतात.

आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंगची, म्हणजे याच जोडणीची, स्थिती बघता येते, ओटीपी येतो, दोन मिनिटांचं काम. बँकेचं नाव आणि ‘सक्रिय’ हा शेरा दोन्ही बघा. आधारला जोडलेला मोबाइल चालू असायला हवा. आजींच्या आधारला तुटलेल्या जुन्या फोनचा नंबर असेल तर पुढचं सगळं तिथेच थांबतं.

नोंदणी

राज्य सरकारच्या ई-उपार्जन (पीक-खरेदीच्या) पोर्टलवर होते. ग्रामपंचायत, जनपद (तालुक्याची पंचायत), तहसील कार्यालय आणि सहकारी समितीत फुकट, एमपी किसान ॲपवरूनही फुकट. एमपी ऑनलाइन किऑस्क, लोकसेवा केंद्र किंवा सायबर कॅफेत गेलात तर 50 रुपयांपर्यंत शुल्क. त्याहून जास्त मागितलं तर देऊ नका.

सोबत आधार, समग्र आयडी, खसरा किंवा भू-अधिकार पुस्तिका, मोबाइल. किऑस्कवाला भराभर क्लिक करतो, तेव्हा पर्ची (पावती) हातात पडल्यावर खुर्चीतून उठण्याआधी चार गोष्टी वाचा: सगळे सर्वे नंबर आले का, पीक सोयाबीनच आहे का, क्षेत्र हेक्टरमध्ये बरोबर आहे का, मोबाइल नंबर तुमचा आहे का. किऑस्कवाल्याचाच नंबर पडला, हा प्रकार नेहमीचा आहे.

नोंदणी केली म्हणजे विकायलाच हवं असं बंधन नाही. म्हणून भाव काय राहील याचा विचार न करता नोंदणी करून ठेवावी.

आणि ती कोणाला वापरायला देऊ नये. ‘तुमच्या नावावर माझा माल काढतो, भावांतर अर्धं-अर्धं’ असं सुचवणारे मंडीच्या आसपास भेटतात. पोर्टलवर विक्री तुमच्या आधारवर नोंदली जाते, चौकशी आली तर ती तुमच्याच दारात येते.

लवकर येणाऱ्या जातीचा फास

जेएस 95-60 सारखी जात पंच्याऐंशी दिवसांच्या आसपास तयार होते. जूनच्या शेवटी पेरली तर सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मळून ट्रॉलीत असते. विक्रीची मुदत 24 ऑक्टोबरला उघडली तर मधला महिना माल घरात ठेवावा लागतो. या महिन्यात रब्बीचं खत-बियाणं, मजुरी, हार्वेस्टरचे पैसे असे सगळे खर्च उभे असतात आणि गावातला व्यापारी दारात येऊन रोख मोजायला तयार असतो. त्याला विकलेल्या मालाला भावांतर नाही. मुदतीच्या आधी मंडीत विकलेल्यालाही नाही, आणि सोयाबीनच्या तेल कारखान्यावर, म्हणजे प्लँटवर, परस्पर नेऊन विकलेल्यालाही नाही. गरज असेल तर तेवढेच चार-पाच क्विंटल काढावेत, बाकी ठेवावेत. त्यातही आधी पात्रतेच्या वरचे काढावेत.

माल ठेवायचा तर फरशीला लागून नको. लाकडी फळ्या किंवा जाड ताडपत्री खाली, भिंतीपासून हातभर दूर. सोयाबीनमध्ये तेल असतं, ओला कोंडला तर आतून तापतो आणि दाणा काळपट पडतो.

ओल: दहा क्विंटलचा हिशेब

योजना एफएक्यू, म्हणजे सरासरी चांगल्या दर्जाच्या मालासाठी आहे. त्यात ओल 12 टक्क्यांपर्यंत आणि कचरा-माती 2 टक्क्यांपर्यंत धरतात. शेतकऱ्याचा नेहमीचा युक्तिवाद असा: वाळवलं की वजन घटतं, मग ओलंच का नको? मांडून बघू.

16 टक्के ओलीचं 10 क्विंटल सोयाबीन. ते 12 टक्क्यांवर आणलं तर 84 भागिले 88, म्हणजे साधारण 9.55 क्विंटल उरतं. 45 किलो पाणी उडालं. ओला माल समजा 3,500 ने गेला: व्यापाऱ्याकडून 35,000, आणि 4,020 मॉडेल भाव धरला तर भावांतर 13,080. एकूण 48,080. वाळलेला 4,100 ने गेला: मॉडेल भावाच्या वर असल्याने क्विंटलला पूर्ण 5,328, म्हणजे 9.55 क्विंटलचे जवळपास 50,880. दोन दिवसांच्या उन्हाचे 2,800 रुपये. तिसऱ्या ओळीत हेही लिहा की ओल्या मालाला एफएक्यू नाही म्हणून अडवलं जाण्याची शक्यता वेगळीच.

ताडपत्रीवर दोन ते तीन इंचांचा थर, दिवसातून तीन-चारदा पायाने किंवा लाकडी फावड्याने फिरवायचा, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकायचा. दाताखाली दाणा ‘कट’ वाजून दुभंगला तर बहुधा जमलं, दबला तर नाही. पण दात म्हणजे मीटर नव्हे. मंडीत किंवा समितीत मॉइश्चर मीटर असतो, दीड-दोनशे ग्रॅमचा नमुना ढेराच्या वरून, मधून आणि खालून मिसळून न्यावा. फक्त वरचा नेलात तर ती स्वतःचीच फसवणूक.

मंडीचा दिवस आणि चार पर्च्या

इंदुरात धान्यासाठी लक्ष्मीबाई नगर आणि छावणी या मंड्या, जिल्ह्यात सांवेर, देपालपूर, गौतमपुरा आणि महू. चोइथराम मंडी भाजी-फळं आणि कांदा-बटाट्याची, तिथे सोयाबीनची ट्रॉली नेऊ नये (नवे लोक नेतात). दिवाळीत मंड्या बरेच दिवस बंद राहतात आणि मुहूर्ताच्या सौद्याने उघडतात. उघडल्यावरच्या पहिल्या दिवसांत गेटवर लांब रांग असते. जमल्यास त्या आठवड्यात जाऊ नये.

गेटवर मिळते प्रवेश पर्ची. भावांतर बुडण्याचं मंडीतलं सगळ्यात मोठं कारण या पर्चीत आहे: ट्रॉली ड्रायव्हरने किंवा बटाईदाराने नेली आणि गेटवर नाव त्याचंच पडलं. नोंदणी ज्याची, पर्ची त्याच्याच नावाने हवी, नोंदणी क्रमांकासकट. ट्रॉलीबरोबर जाणाऱ्याच्या हातात नोंदणीची पर्ची, आधारची प्रत आणि खातेदाराचा चालू मोबाइल द्या. भावांचा माल एकाच ट्रॉलीत असेल तर पोती वेगळी, पर्च्याही वेगळ्या.

मग लिलाव. ढेरापाशी व्यापारी येतात, मुठीत दाणे घेतात, एखादा हात कोपरापर्यंत आत घालून तळचा दाणा वर काढतो. बोली पाच-दहाने चढते आणि मिनिटाभरात संपते. भाव पटला नाही तर नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे, पण तो अनुबंध (सौद्याचा लेखी करार) होण्याआधी. एकदा अनुबंध पर्ची झाली की सौदा पक्का. त्यावर भाव अंकात आणि अक्षरात नीट वाचा.

तिसरी तौल पर्ची, म्हणजे वजनाची. भरलेल्या आणि रिकाम्या ट्रॉलीचं वजन त्याच काट्यावर व्हावं. पोत्यात तोललं तर बारदानाचं वजन किती धरलं ते विचारा. अनुबंधानंतर ‘माल खालून ओला निघाला, शंभर कमी करा’ अशी घासाघीस होते. अशा वेळी ट्रॉली रिकामी करू देण्याआधी मंडीच्या निरीक्षकाला बोलवा. माल उतरल्यावर तुमच्या बोलण्याला वजन राहत नाही.

चौथा कागद भुगतान पत्रक, म्हणजे पैसे चुकते केल्याचा. भावांतराचा हिशेब यावरून होतो, त्यामुळे कच्च्या चिठ्ठीवर पैसे घेऊन निघू नये, दहा रुपये जास्त मिळाले तरी. पैसे त्याच दिवशी द्यायचे असा मंडी कायद्याचा नियम आहे, उशीर झाला तर पाच दिवसांपर्यंत दिवसाला एक टक्का जादा. मंडी शुल्क व्यापाऱ्याचं असतं, ते तुमच्या रकमेतून कापलेलं दिसलं तर तिथेच थांबा. चारही पर्च्यांचे फोटो मंडीतच काढा, त्यावरची शाई महिन्याभरात उडते.

गव्हाचं थोडक्यात

नोंदणी जानेवारी-फेब्रुवारीपासून, खरेदी मार्च ते मेच्या सुरुवातीपर्यंत. 2024 ला हमीभाव 2,275 अधिक 125 बोनस, म्हणजे 2,400. 2025 ला 2,425 अधिक 175, म्हणजे 2,600. कागद तेच, गिरदावरी रब्बीची. फरक इतका की इथे स्लॉट (माल आणायचा दिवस) स्वतः बुक करायचा असतो आणि माल मंडीत नाही, नेमलेल्या केंद्रावर, बहुधा वेअरहाऊसवर न्यायचा.

केंद्रावर ओल 12 टक्के, कचरा-माती 0.75 टक्के, सुकलेला-तुटलेला दाणा 6 टक्के, या मर्यादांवर माल अडतो. हार्वेस्टरने काढलेल्या गव्हात माती आणि तुकडा जास्त येतो, तेव्हा घरून चाळून न्यावा. केंद्रावर चाळायची वेळ आली तर खर्च तुमचा आणि दिवसही गेला.

एक सल्ला: आधी मंडीत भाव विचारा. लोकवन आणि पूर्णा या जातींच्या चांगल्या मालाला इंदूरच्या मंडीत पुष्कळदा सरकारी भावाच्या वर बोली मिळते आणि पैसे त्याच दिवशी. साधा किंवा मिसळलेला माल मात्र केंद्रावरच न्यावा. सोसायटीचं कर्ज थकलं असेल तर केंद्राच्या पैशातून कपात होते, हे आधी माहीत असलं की नंतर भांडण होत नाही. 2025 मध्ये हरभरा, मसूर, मोहरीचीही हमीभावाने खरेदी झाली, भाव अनुक्रमे 5,650, 6,700 आणि 5,950 होते. त्यांची नोंदणी वेगळी असते, गव्हाच्या नोंदणीत ती आपोआप होत नाही.

पैसे आले नाहीत तर

आधी पंधरा दिवस थांबा. मग या क्रमाने बघा: आधार सीडिंग कोणत्या बँकेत आहे आणि त्या खात्यात, विसरलेल्या खात्यात, पैसे पडलेत का. मग पोर्टलवर नोंदणी सत्यापित आहे की तहसीलदाराकडे अडकली आहे. मग मंडीत जाऊन तुमच्या चार पर्च्या नोंदणी क्रमांकाशी जोडल्या गेल्यात का. नाव चुकलं असेल तर दुरुस्ती मंडीच्या सचिवाकडून होते, क्षेत्राचा वाद असेल तर तहसीलमध्ये, बँकेचं असेल तर बँकेत. या तिघांपैकी एकाचं काम दुसऱ्याकडे घेऊन गेलं की चकरा वाढतात.

कुठेच हललं नाही तर 181 वर सीएम हेल्पलाइनला तक्रार. तिथे नोंदणी क्रमांक, विक्रीची तारीख, मंडीचं नाव, वजन आणि भाव एवढंच सांगा, बाकी कहाणी नको. तक्रार सोडवली असा फोन आला की खात्यात रक्कम दिसेपर्यंत ‘समाधान झालं’ म्हणू नका. एकदा बंद झालेली तक्रार पुन्हा उघडत बसण्यापेक्षा ती उघडी ठेवणं बरं.